थांबधोंडा

खांडेदऱ्याचा ओढा जामखेडच्या वरच्या डोंगरात नाथाच्या टाक्यापाशी निघतो. निघतो म्हणजे काय, खडकाच्या कपारीतून मनगटाएवढी धार येते, बस. पण ती धार कधी आटली नाही. बहात्तर साली सगळ्या जिल्ह्यानं आ वासला तेव्हाही नाही. आणि एवढ्याशा त्या धारेला गावानं उतरंड लावून ठेवलेली. सगळ्यात वर देवाचं पाणी. त्याखाली गावाचं प्यायचं. त्याखाली गुरं. गुरांच्या खाली धुणी. धुण्याच्या खाली, गाडीवाट ओढा ओलांडते तिथं, बसलेल्या रेडकाएवढा एक काळा धोंडा. त्याला म्हणायचे थांबधोंडा. त्या धोंड्याच्याही खाली मार्थाची ख्रिस्ती वस्ती.

धोंड्यावर काही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच काय? वस्तीतलं पोर चालायला लागलं की आधी धोंडा शिकायचं आणि मग प्रभूची प्रार्थना. मार्थाच्या आज्यानं धर्म बदलला, नाव बदललं, मिशनच्या शाळेत जाऊन अक्षरं गिरवली. धोंडा काही जागचा हलला नाही. का, तर म्हणे यांच्या हातानं पाणी बाटतं, म्हणून यांचा हात सगळ्यांच्या खाली. बरं, गुरांच्या मुतानं? धुण्याच्या मळानं? छे, त्यानं कुठं बाटतंय! ते खालच्यांनी गाळून प्यावं.

आणि वस्ती गाळूनच प्यायची. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा उकरायचा, त्यात पाणी झिरपू द्यायचं आणि वाटीवाटीनं हंडा भरायचा. या खड्ड्याला झिरा म्हणतात. झिऱ्याचं पाणी दिसायला असं नितळ की तळातला खडा मोजून घ्यावा. "वाळू म्हंजी देवाची चाळनी," असं मार्था म्हणायची. पन्नाशीची बाई, अंगानं काटकुळी, जिभेनं मिरची. नवरा शांतवन जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा कृपादान लांब पाझर तलावाच्या कामावर होता. घरात ती, सून कृपा आणि दोन महिन्यांचा नातू. नातवाला आज्याचंच नाव ठेवलेलं, शांतवन. म्हणजे रागावताना नाव घ्यायची पंचाईत, पण मार्था त्या पोरावर रागावणार तरी कशाला? तिचा जीव त्याच्यात अडकलेला.

बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला आणि पौषात गावात गुरांची छावणी आली. तिचे अध्यक्ष श्रीमंतराव. गावातलं कुठलंही काम आलं की त्याचं अध्यक्षपद आधी श्रीमंतरावांच्या अंगणात जाऊन बसायचं, ही जुनी रीत. त्यांनी जागा निवडली ती नाथाच्या टाक्याभोवतीची. तिथं डोंगराची वाटी आहे, तिन्ही बाजूंनी कडा आणि आत शिरायला एकच अरुंद खिंड. पाणी हाताशी आणि गुरं कुठं पळत नाहीत. पंचक्रोशीतली गुरं आली. नजर जाईल तिथवर शिंगं. मार्थाची एकुलती एक गाय हरणी, तीही तिथंच दावणीला. खोटं कशाला बोला, त्या दिवशी मार्थानंच श्रीमंतरावांना तोंड भरून दुवा दिला होता. मुक्या जनावराच्या मुखात घास घालणाऱ्याला देव कमी करत नाही म्हणाली.

आता एवढी गुरं म्हटल्यावर शेण आलं. ते गाडीत भरून माळावर न्यायचं सोडून लोकांनी टाक्याखालच्या घळीत लोटायला सुरुवात केली. लोटलं की झालं, गाडी नको नि बैल नकोत. घळीतून ओढ्याची धार जातेच, तिनं शेणाचा रस काढत खाली यायचं. श्रीमंतरावांनी काय केलं, त्या रसाला पाट काढून आपल्या घासाच्या वावरात घेतलं. अहो, काय तो घास माजला! सगळा मुलूख तव्यासारखा तापलेला आणि मधोमध तो काळाशार हिरवा तुकडा. बघायला माणसं यायची. "पान्याला कस आलाय, कस!" म्हणायची. कुणाच्या डोक्यात आलं नाही की जो कस घासाच्या मुळाशी जातो, तो माणसाच्या घशातही जातो. दुष्काळात हिरवं दिसलं की माणूस डोळे मिटून मुजरा करतो. मार्थानंही केला. तिच्या झिऱ्याच्या कडेला तांदुळजा असा तरारला की तिनं शेजारणींना मूठमूठ वाटला आणि वर छावणीचं कौतुक केलं.

कृपा खडी फोडायच्या कामावर जायची. दिवसभर उन्हात हातोडा, पोटात कामावर वाटलेली सरकारी सुकडी, अंगावरचं दूध जाणारच. ते गेलं. मिशनमधून दुधाची पावडर मिळाली. नर्सबाईनं बजावून सांगितलं होतं, पाणी उकळून द्यायचं. मार्था काय कच्च्या गुरूची चेली? चांगलं अर्धं आटेपर्यंत उकळायची. जळण नव्हतं तर कुंपणाच्या काट्या मोडल्या, पण पाणी उकळलं. आपल्या नातवाला साधं नाही, दुप्पट शुद्ध पाणी मिळतंय, या समाधानात ती वाटी त्याच्या ओठाला लावायची.

आणि पोर जांभळं पडायला लागलं.

आधी ओठ, मग नखं, मग सगळा चेहरा पिकल्या करवंदासारखा. ताप नाही, हगवण नाही, रडण्यातला जोरच गेलेला. वस्तीतल्या बाया म्हणाल्या, नजर लागली. कुणी म्हणालं, थंडी बाधली. मार्थानं कुणाचं ऐकलं नाही. खडीचा ट्रक तालुक्याला निघाला होता, त्याच्यापुढं आडवी उभी राहिली. सून, पोर आणि ती, तिघं खडीवर बसून दवाखान्यात पोचली.

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून थेंबभर रक्त काढलं आणि कागदावर ठेवलं. रक्त लाल नव्हतंच. काकवीचा रंग असतो ना, तसलं. बाईंनी एकच विचारलं, "बाळाला पाणी कुठलं देता?"

मार्था अभिमानानं म्हणाली, "झिऱ्याचं. उकळून. पार अर्धं करून."

बाईंनी डोळे मिटून घेतले. पोराला औषध टोचलं, रात्रभर जवळ ठेवून घेतलं. सकाळी त्याच्या ओठावर गुलाबी रंग फिरून आला तेव्हा त्या मार्थाला बाहेर घेऊन बसल्या. छावणी कुठं, शेण कुठं, झिरा कुठं, सगळं विचारून घेतलं आणि मग सांगितलं.

"आजी, शेणामुताचा एक खार असतो. तो पाण्यात विरघळतो. वाळू चिखल अडवते, खार अडवत नाही. आणि उकळल्यावर पाणी उडून जातं, खार मागं राहतो. तुम्ही जितकं आटवलंत तितका तो वाढला. मोठ्या माणसाला, गुराला तो पचतो. तान्ह्या बाळाचं रक्त त्यानं बिघडतं."

"म्हंजी म्याच पाजलं?"

"तुम्ही सांगितलं तसं केलंत. चूक झऱ्याच्या तोंडावर झालीय, तुमच्या चुलीवर नाही. पण आता हे पाणी बाळाला एक घोटसुद्धा द्यायचं नाही. पुन्हा असं झालं तर मी हमी देत नाही."

"मग कुटलं देऊ?"

"वरचं. शेणाच्या वरचं."

मार्था हसली. तसलं हसू देव कुणाच्या तोंडावर न आणो. शेणाच्या वरचं म्हणजे थांबधोंड्याच्या वरचं, गावाच्या वरचं, खुद्द देवाच्या हातचं. डॉक्टरीणबाई चांगली बाई, पण तिला काय माहीत कुठं कुठला धोंडा आहे ते.

गावात आल्या आल्या मार्था श्रीमंतरावांच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. ते घासाच्या बांधावर होते. तिनं हात जोडून नीट सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या शब्दात सांगितलं.

"मालक, छावनी बंद करा म्हनत न्हाई मी. माझीबी गाय हाय तितं. येवडंच म्हनते, गुरं खिंडीच्या बाहीर माळावर बांदा. तितं जुनी दगडी हाळ हाय, टाक्यातनं पाट काडून तिच्यात पानी सोडा. गुरांनी तितं प्यावं. शेन वावरात टाका, वड्यात नगं. जितं झरा फुटतो तितं तरी हद्द ठेवा."

श्रीमंतराव आधी ऐकत राहिले, मग त्यांना हसू फुटलं. "अगं मार्थे, शेनानं आपन घर सारवतो. शेन म्हंजी लक्ष्मी. शेनानं कुनाचं पोर मरतं व्हय? तुझ्या सुनंचंच काय तरी बिघडलं आसंल."

"मालक, पोराचं रगात काळं आल्तं. म्या डोळ्यानं बगितलंय."

"डाक्टर काय, काय बी सांगत्यात. त्यास्नी बिलं लावायची असत्यात." मग हसू आवरून म्हणाले, "आनि हे बग, छावनीबद्दल बाहेर वंगाळ बोललीस तर तुझी हरनी सोडून घेऊन जा. चार तिला तुझा तांदुळजा."

मार्था तरातरा परतली.  वस्तीत येऊन तिनं झिऱ्याच्या कडेचा सगळा तांदुळजा मुळासकट उपटला आणि उकिरड्यावर फेकला.

पण पोराला पाणी लागतं ना! राग कितीही खरा असला तरी तो वाटीत ओतून पाजता येत नाही. गावाची विहीर ओढ्याकाठी, घळीच्या खालच्या अंगाला. टँकर आला की तिच्यात रिकामा व्हायचा. वस्तीच्या बायांनी थांबधोंड्याखाली उभं राहायचं आणि विहिरीवरून येणाऱ्या गावातल्या बाईला दया आली तर तिनं वरून पाणी ओतायचं. चांगुणा नावाची एक बाई कृपाबरोबर खडीच्या कामावर होती. गावातल्या शेतकऱ्याच्या घरची, पण दुष्काळानं तिच्याही हातात हातोडा दिलेला. तिला मार्थानं सगळं सांगितलं. चांगुणा रोज एक कळशी विहिरीचं ओतायला लागली.

चारसहा दिवस गेले आणि पोराच्या नखांवर पुन्हा ती जांभळी छटा दिसली.  मार्था तशीच चांगुणाकडं गेली, लांबूनच ओरडली, "वयनी, तुमच्या हिरीतबी आलंय!"

"काय आलंय?"

"तोच खार! वड्याचं पानी हिरीत झिरपतंय. हात लावून बगा तुमच्या पव्हऱ्याच्या दोराला, बुळबुळीत झाला आसंल!"

चांगुणाचा चेहरा उतरला. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. तिनं मागं वळून दाराशी बसलेल्या लेकीकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "आजपास्नं मी नाथाच्या टाक्यातनं आनते. इचारलं कुनी तर म्हनंन, देवाला घालते. आर्दं तुझ्या देवाला, आर्दं माझ्या."

तसं तिनं केलं. तांब्या भरून पदराखाली आणायची. पोर सावरलं. पण एका बाईच्या पदराखालून किती पोरं जगायची? वस्तीत आणखी दोघी गरोदर होत्या. आणि खिंडीवरचा राखणदार गहिनीनाथ एक दिवस चांगुणाला म्हणालाच, "देव लई तान्हेला झालाय जनू तुमचा."

मग फाल्गुनात बातमी आली की छावणी बघायला प्रांतसाहेब येताहेत.

साहेब यायचे म्हटल्यावर श्रीमंतरावांनी माळावर मांडव घातला आणि सगळी गुरं खिंडीबाहेर काढून रांगेनं बांधायला लावली, मोजणीला सोपी जावीत म्हणून. म्हणजे जी गुरं माळावर बांधा म्हणून मार्थानं हात जोडले होते, ती साहेबासाठी एका सकाळीत माळावर बांधून झाली. बघा आता!

जीप गाडीवाटेनं येणार, म्हणजे ओढा ओलांडायला थांबधोंड्यापाशी हळू होणार. मार्था वस्तीतल्या बाया घेऊन तिथंच उभी राहिली. सगळ्या खडीच्या कामावरून सरळ आलेल्या, हातात पहारी, डोक्याला फडकी. श्रीमंतराव स्वागताला हार घेऊन पलीकडच्या काठावर होते, मागं निम्मं गाव. जीप आली, थांबली. मार्था पुढं झाली. कडेवर शांतवन.

साहेब तरुण होते, चष्मेवाले, स्वभावानं वाईट नसावेत. उतरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोराच्या नखांकडं बघितलं. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी वाचली. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं खरं असेल. पण मला नियमात आधार पाहिजे. छावणीला पाणी जवळ असावं, एवढं परिपत्रकात आहे. शेण झऱ्यापासून किती लांब टाकायचं, किती गुरांवर किती, हे कुठंच लिहिलेलं नाही. कारखान्याची घाण असती तर गोष्ट वेगळी. शेणाला कायदा नाही."

झालं! मार्थाच्या तोंडचा बांध फुटला.

"शेनाला न्हाई? सायब, आमच्या खडीला माप हाय. घमेलं बोटभर कमी भरलं तर मुकादम हाजरी कापतो. सुकडीला माप हाय. दुदाच्या पावडरीला माप हाय, चमचा वर सांडू देत न्हाईत. एका गुराला चारा किती त्येला माप हाय. आनि लेकराच्या घशात शेनाचा खार किती जावा, त्येला माप न्हाई? ते मोजायला तुमच्या सरकारला सवड न्हाई?"

"आज्जी, मी तुमच्या भावना..."

"भावना ऱ्हाऊ द्या. कागद दावा. कागदात न्हाई म्हनून हद्द घालता येत न्हाई म्हनता ना?" तिनं पहार उचलली आणि तिच्या टोकानं धोंड्यावर ठणकन टोला दिला. "मग ह्यो धोंडा कुटल्या कागदात लिवलाय?"

साहेबांनी धोंड्याकडं पाहिलं. "कुठला? हा?"

"ह्योच. थांबधोंडा म्हनत्यात ह्येला. ह्येच्या वर वड्यात आमी पाय ठेवायचा न्हाई. आमच्या हातानं पानी बाटतं. सरकारी शिक्का न्हाई, आधार न्हाई, परिपत्रक न्हाई. तरी माज्या आज्याच्या आदीपास्नं हद्द हाय, आनि कुनी बापजन्मात मोडली न्हाई. मानसाला हद्द घालताना तुमाला कागद लागत न्हाई, शेनाला घालताना लागतो?"

जीपच्या इंजिनातलं पाणी खदखदत होतं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आवाज बदलला होता.

"श्रीमंतराव, हे खरं आहे? हा गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

श्रीमंतरावांच्या हातातला हार लोंबकळायला लागला. "छ्या, छ्या, सायब! काय तरीच काय! आमच्या गावात तसलं कायबी न्हाई. आमी सगळी एका आईची लेकरं. तो तर पुरात वाहून आलेला धोंडा हाय. कुनाचा न्हाई, कशाचा न्हाई." आणि मागं वळून गावाला म्हणाले, "काय रं?"

गावानं माना डोलावल्या. पिढ्यान्‌पिढ्या ज्याच्या जिवावर दरारा राखला, तो धोंडा गावानं एका क्षणात ओळख नसल्यासारखा टाकून दिला.  मार्थाला वाटलं होतं, निदान भांडतील, निदान रीत आहे म्हणतील. यांना स्वतःच्या पापाचीसुद्धा लाज राखता येईना. तिच्या अंगाची लाही लाही झाली आणि त्या लाहीतच तिला पुढचं सुचलं.

"कशाचा न्हाई म्हनता?"

"न्हाई म्हंजी न्हाई!"

"मग हालवला तर चालंल?"

"हालीव की!" साहेब बघताहेत म्हणून श्रीमंतराव मोठ्यानं हसले. "डोक्यावर घे आनि नाच!"

"सायबांच्या म्होरं बोललात, मालक," मार्था म्हणाली. तिनं पोर कृपाच्या हातात दिलं आणि पदर खोचला.

साहेब माळावर गुरं मोजायला गेले, गावातले सगळे बाप्ये त्यांच्या मागं. इकडं बायांनी धोंड्याखाली पहारी घातल्या. चार महिने दगडाशीच संसार चाललेला, दगड कुठून हलतो हे त्यांना शिकवायला नको होतं. धोंडा डुगडुगला, कलला आणि जुन्या दातासारखा जागचा निघाला. खाली ओल्या वाळूचा खड्डा, त्यात दोन विंचू. पुढं पहार, मागं टेकू, मध्ये शिव्या, असं करत तो ओढ्यातूनच वर निघाला. धुण्याची जागा मागं पडली. गुरांच्या पाणवठ्याची जागा मागं पडली. विहिरीपाशी गावातल्या बाया उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. कुणी पुढं येईना, कुणी अडवीना.

मग त्यातून चांगुणा निघाली. खांद्यावर मोटेच्या नाड्याचा नवा दोर. ती सरळ येऊन धोंड्याला वेढा घालायला लागली.

"चांगुने, सासरा काय म्हनंल?" मागून एकीनं विचारलं.

"माजी लेक बाळंतपनाला आलीया," चांगुणा गाठ मारत म्हणाली. "सासऱ्याला हिरीचं पानी आटवून पाजते, मग इचारते काय म्हनतो ते. बगत काय ऱ्हायलाय? वडा की!"

आणखी पाचसातजणींनी दोर धरला. विटाळ, शिवाशिव, सगळं त्या दोराला लागलं आणि त्या दोरानंच वर गेलं. दिवस कलताना धोंडा खिंडीत पोचला. तिथं त्यांनी तो मधोमध उभा केला आणि मार्था त्याला टेकून बसली. हाताची सालटं निघाली होती.

साहेबांची जीप गेली आणि गहिनीनाथ गुरं हाकत खिंडीशी आला. रोजची वेळ, गुरांना रोजचा रस्ता. तो गुणगुणत येत होता, तो समोर बघून खिळल्यासारखा थांबला. धोंड्याशेजारून दोन बैल सहज गेले असते, एवढी जागा होती. पण गहिनीनाथानं हाकच दिली नाही. मागची गुरं पुढच्यांवर चढायला लागली.

श्रीमंतराव तावातावानं आले. "का अडलाय रं? जाऊ दे आत!"

"मालक, थांबधोंडा हाय."

"मग? दिसतंय मला! बाजूला करा तो!"

मार्था उठली. "कशापायी? कुनाचा न्हाई, कशाचा न्हाई. पुरात वाहून आलाय. ह्या बारीला पूर जरा वर चडला, येवडंच."

"तुजी जीब लई..."

"थांबधोंड्याच्या वर जनावर जायचं न्हाई." हे चांगुणा म्हणाली. तिच्या शेजारी गावातल्या बाया उभ्या होत्या, मघाच्यापेक्षा जास्त. "शेन जायचं न्हाई. पानी पाटानं हाळीत सोडा आनि गुरं माळावरच ऱ्हाऊ द्या. दिसभर सायबापुडं ऱ्हायली की न्हाई गुमान?"

श्रीमंतरावांनी गड्यांकडं बघितलं. कुणी नजर देईना. धोंड्याला हात लावायचा म्हणजे त्याचा अर्थ सांगावा लागणार, आणि अर्थ तर ते दुपारी सगळ्यांदेखत गिळून बसले होते. साहेबाला पुन्हा बोलवायला बाया कमी करणार नाहीत, हेही दिसत होतंच. ते काहीतरी पुटपुटले, नुसतंच हवेत छडी हाणली आणि वळून घासाच्या वावराकडं चालते झाले. गहिनीनाथानं शीळ घातली. गुरं वळली, हरणीसकट.

त्या धोंड्याचा अर्थ गावात कुणाला समजावून सांगावा लागला नाही. तो सगळ्यांना आधीपासूनच पाठ होता. मार्थाला याचं बरं वाटायला हवं होतं, पण तिला उलट कढ आला. एवढं सोपं होतं म्हणजे! एवढी माणसं, एवढ्या पिढ्या, आणि धोंडा जागा बदलायला एक दुपार पुरली.

पाट काढायला आणि घळीतलं शेण गाड्यांनी उपसायला पुढं आठवडा गेला. टाक्यातलं पाणी ज्यानं त्यानं आपल्या हंड्यात न्यावं असं ठरलं, म्हणजे चांगुणानं विहिरीवर मोठ्यानं सांगितलं आणि कुणी नाही म्हणालं नाही. दोघांचौघांनी नाकं मुरडली, त्यांनी खुशाल मुरडावीत. डॉक्टरीणबाईंनी चांगुणाच्या लेकीलाही निरोप धाडला, टाक्याचंच पाणी पी म्हणून.

पहिल्या दिवशी मार्था एकटीच हंडा घेऊन निघाली. गाडीवाट जिथं ओढा ओलांडते तिथं आली आणि तिचा पाय थांबला. समोर काही नव्हतं. वाळूत एक रिकामा खड्डा, तोही निम्मा बुजलेला. पुढं मोकळा ओढा, वर डोंगर. आणि पाय उचलेना. धोंडा वर नेला त्या दिवशी ओढाताणीत हे ध्यानातही आलं नव्हतं. पन्नास वर्षांचा पाय, आईच्या कडेवरून उतरल्यापासून इथंच थांबायला शिकलेला. मार्था त्याच्याकडं बघत राहिली. श्रीमंतरावांचा राग आला नव्हता एवढा राग तिला त्या पायाचा आला.

"मुडदा बशिवला तुजा," ती म्हणाली, "गुरांनासुदिक कळलं, तुला कळंना व्हय?"

आणि तिनं तो पाय उचलून खड्ड्यात घातला, चांगला रोवून, आणि पलीकडं गेली. धुण्याची जागा, गुरांची जागा, विहीर, सगळं ओलांडून खिंडीत आली. धोंडा उभा होता. तिनं त्याच्यावर हंडा टेकवला, डोक्यावरची चुंबळ सारखी केली, दम घेतला. मग आत जाऊन कपारीच्या धारेखाली हंडा धरला. घरी पोर भुकेजलं होतं, म्हणून भरल्या हंड्यानिशी ती लगोलग उतरायला लागली.